एकदा हापसा बघायला या : 'ग्रामीण युजर'साठी ॲप बनवणाऱ्यांना खुलं पत्र

राम राम मंडळी,

पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला बसून आमच्यासाठी ॲपं बनवणारे जे कोणी डिझायनर, इंजिनियर आणि प्रॉडक्टवाले आहात त्या सगळ्यांना हे पत्र. आम्हाला तुम्ही 'भारत युजर' म्हणता, 'टियर थ्री' म्हणता, मधे कुठंतरी 'नेक्स्ट बिलियन' असंही वाचलं. म्हणा, काही हरकत नाही, गावाला बारशाची सवय असते.

मी कोण तर जालना जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं दुकान आहे. अर्ध्यात मोबाइल रिपेरिंग, अर्ध्यात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि जागा उरली नाही म्हणून बाहेर बाकडं. पंधरा वर्षं झाली. तुम्ही जे काही बनवता ते फिरून फिरून शेवटी माझ्या काउंटरवर येतं, कारण ज्याच्यासाठी बनवलं त्याला ते जमत नाही आणि तो माझ्याकडं येतो. म्हणजे तुमचा खरा युजर मीच, पण तुमच्या कुठल्या स्क्रीनवर मी दिसत नाही.

आधी एक बारकी गोष्ट सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. माझ्याकडं रिपेरिंगला येणाऱ्या फोनात खालच्या कोपऱ्यातला टच गेलेला असणं ही अगदी नेहमीची केस. फोन पडतो तो कोपऱ्यावरच पडतो, काच तडकते, तिथला बोटभर भाग मरतो, बाकी फोन ठणठणीत. डिस्प्ले बदलायला दीड-दोन हजार लागतात म्हणून माणूस तसाच वर्ष-दोन वर्षं वापरतो, व्हॉट्सॲप चालतं, युट्यूब चालतं, अडतं कुठं तर तुमच्या ॲपात, कारण तुमचं 'पुढे' चं बटण नेमकं खाली उजव्या कोपऱ्यात. मग तो माणूस फोन आडवा करतो, उलटा करतो, स्क्रीन फिरली तर फिरली, बऱ्याच ॲपांत ती फिरतच नाही. हे बटण जरा वर, अख्ख्या रुंदीचं केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तुमच्या टेबलावरचे सगळे फोन शाबूत आहेत ना, त्यामुळं हा प्रश्न तिथं पडतच नाही.

आता मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा हापशाचा आहे. हसू नका, वाचा.

माझे वडील हातपंप दुरुस्ती पथकात होते. गाडीत पाइप पाने, तिवई, साखळ्या टाकून गावोगाव फिरायचे, उन्हाळ्यात आठ-आठ दिवस घरी नसायचे. लहानपणी सुट्टीत मी पण जायचो. पाइप एकेक करून वर ओढायचे, दोघं-तिघं पकडायला, एक पाना लावायला, आणि भोवती अख्खं गाव, रिकाम्या घागरींची रांग आणि प्रत्येकाचा एक सल्ला. वडील तिथं पोचल्यावर आधी पंप खोलायचे नाहीत. एखाद्या बाईला म्हणायचे, मावशी, जरा मारून दाखवा. ती कशी मारते, अर्धाच दांडा मारते का, पोरं दांड्याला लोंबकळतात का, ते बघायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे.

हा हापसा, म्हणजे इंडिया मार्क टू, आपल्याच भागातून आलाय हे आमच्या गावातल्या पोरांना पण माहीत नाही. साठच्या दशकात सरकारनं आणि संस्थांनी खडकात बोअर मारायला सुरुवात केली, त्यावर पंप बसवले ते बिडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांत असायचे त्या धर्तीचे. तो पंप वाईट नव्हता. एका घरासाठी होता, दिवसाला दहा-वीस बादल्या, घरचाच माणूस मारणार, घरचाच तेल घालणार. इथं तो गावाच्या मधोमध बसला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शे-दोनशे माणसं त्यावर. मोडणारच ना. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. तेव्हा काय गावाला दोष देणारे कमी नसतील, यांना वापरता येत नाही, यांना जपता येत नाही, अजून थोडी जनजागृती करा वगैरे.

पण काही लोकांनी उलटा विचार केला. जालन्यात मिशनवाल्यांनी स्वतःचा पंप जोडून बघितला, त्याला जालना पंप म्हणायचे. मग सोलापूर पंप आला, सोलापूर वेल सर्व्हिसचा. लोखंडी पत्र्याची मजबूत बॉडी, दांडा हलायला एकच खिळ, आणि दांड्याच्या टोकाला साखळी म्हणजे आतली सळई सरळच वर-खाली होते, कशीही मारा. पुढं युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचे इंजिनियर यांनी सोलापूर पंपावरूनच मार्क टू बसवला आणि १९७७-७८ च्या सुमाराला तो कारखान्यातून निघायला लागला. दांडा मुद्दाम भरीव आणि जड ठेवला, म्हणजे खालच्या सळयांचं वजन तोलून धरतो आणि दहा वर्षांच्या पोरीला पण पाणी निघतं. पेटंट नाही, कुणीही मानकाप्रमाणं बनवावा. पुढं आफ्रिकेत पण गेला.

यातलं माझ्या डोक्यात बसलेलं वाक्य एकच, की एका घराचं यंत्र गावाला दिलं होतं म्हणून ते मोडत होतं. गाव चुकत नव्हतं.

आणि तुम्ही आज हेच करताय. फक्त घराच्या जागी एक माणूस आहे. तुमचं प्रत्येक ॲप धरून चालतं की एक माणूस, त्याचा एक फोन, त्याचा एक नंबर जो कधी बदलत नाही, त्याचा एक ईमेल, त्याला पाठ असलेला पासवर्ड आणि त्याच्या खिशात कायम चालू असलेलं नेट. असा माणूस तुम्ही स्वतः आहात. आमच्याकडं फोन हा बऱ्याच घरात हापशासारखा आहे, सकाळी पोरगं अभ्यासाला घेतं, दुपारी सून माहेरी बोलते, संध्याकाळी तो म्हाताऱ्याचा कीर्तनाचा डबा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं २०१९-२१ ला, त्यात देशातल्या ५४ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांकडं नव्हता. आणि तुमच्या पहिल्याच स्क्रीनवर काय, 'तुमचा मोबाइल नंबर टाका'. कुणाचा टाकू?

मागच्या वर्षीची गोष्ट. एक मावशी फॉर्म भरायला आल्या, कुठला फॉर्म ते जाऊद्या. त्यांचा म्हणून जो नंबर सगळीकडं जोडलाय तो पोराचा, आणि पोरगं चाकणला कंपनीत. ओटीपी तिकडं जातो. पोरगं शिफ्टला, फोन गेटवर जमा. ओटीपीची मुदत काही मिनिटांची आणि त्याची चहाची सुट्टी साडेदहाला. मग काय, साडेदहाला पंचवीस कमी असताना आम्ही फॉर्म भरून तयार बसलो, मावशी बाहेर बाकड्यावर, मी सेशन मरू नये म्हणून दर दोन मिनिटाला उगाच स्क्रीनला हात लावतोय, आणि साडेदहाला पोराचा फोन आला, त्यानं आकडे सांगितले, मी टाकले, तर 'सर्व्हरवर ताण आहे, नंतर प्रयत्न करा'. मावशी तीन दिवस येत होत्या. रोजचा खाडा, म्हणजे कापूस वेचणीची मजुरी गेली ती वेगळीच. तुमच्या आकडेवारीत त्या मावशी 'ओटीपीला सोडून गेलेला युजर' अशा दिसत असतील.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आसपास गेलेली माणसं उन्हाळ्यात परत येतात, तोवर रिचार्ज संपून सिम बंद, नवीन सिम घेतलेलं, आणि बोटांचे ठसे कोयत्यानं झिजलेले. मशीन अंगठा घेत नाही. आम्ही ओल्या फडक्यानं पुसतो, व्हॅसलीन लावतो, दुसरं बोट लावतो, दहाही बोटं झाली की माणूस स्वतःच्याच हाताकडं चोर असल्यासारखा बघायला लागतो. ते बघवत नाही.

नावांचं अजून एक. ज्ञानेश्वर. मराठीत एकच आहे हो, पण इंग्रजीत आधारला 'डी' पासून, बँकेत 'जी' पासून, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. तिन्ही टाइप करणारे वेगवेगळे, कुणी माझ्यासारखाच दुकानदार. आता तुमचं मशीन म्हणतं नाव जुळत नाही. अरे बाबांनो, मराठी नावाचं इंग्रजी करताना पाच-सहा प्रकार होतात हे मराठी माणूस झोपेत सांगेल, ती यादी करून जुळवणीत घालणं हे काय चंद्रावर जाण्याइतकं अवघड आहे? आणि बायकांची नावं लग्नात बदलतात, हे तर शेकडो वर्षं चाललंय, अचानक झालेलं नाही.

भाषेबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर सगळेच रडतात. फक्त एवढंच की 'कृपया वैध प्रविष्टी करा' ही मराठी नाही. आमचे लोक 'फॉर्म भरला', 'सेव्ह केलं', 'सबमिट मारलं' म्हणतात, 'प्रस्तुत करा' वाचून थांबतात. आणि जमीन हेक्टरात विचारता. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं हे खरं, पण डोक्यात एकर-गुंठेच असतं. २ एकर २० गुंठे म्हणजे १ हेक्टर १ आर, हे गणित तुमच्या कॉम्प्युटरनं करायचं का साठीच्या माणसानं बांधावर उभं राहून? दोन्ही रकाने द्या की शेजारी-शेजारी.

तुमच्यातले काही लोक गावात येतात हेही मान्य करतो. एकदा एक टीम आली होती, चांगली पोरं होती, पंचायतीत बसून दहा-बारा लोकांना गोळा केलं, चहा-बिस्किटं, हातात कंपनीचा नवाकोरा फोन दिला आणि हे करून दाखवा ते करून दाखवा. आमच्या लोकांनी काय केलं माहितीय? प्रत्येकानं 'छान आहे' म्हणलं. पाहुण्याच्या तोंडावर वाईट बोलायची आपल्यात पद्धत नाही. टीम खुश होऊन गेली, चार महिन्यांनी ते ॲप आलं आणि त्याच दहा-बारा जणांनी ते माझ्याकडून भरून घेतलं.

लांबून बघून यंत्र केलं की काय होतं त्याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे, प्लेपंप नावाचं. कल्पना इतकी गोड की ऐकताच कुणीही पैसे देईल: पोरांनी फिरतं चक्र खेळायचं, त्यावर पंप चालणार, वर टाकीत पाणी चढणार, टाकीवर जाहिराती. २००६ ला अमेरिकेतून दीड कोटी डॉलरच्या वर मदत जाहीर झाली, बऱ्याच देशात बसवले. मग कळलं की पोरं पाणी हवं तेव्हा खेळत नाहीत आणि खेळतात तेव्हा पाणी नको असतं, शेवटी बायकाच ते चक्र वाकून-वाकून ढकलायला लागल्या. ब्रिटनच्या गार्डियन पेपरनं २००९ ला हिशेब मांडला की ठरवलंय तेवढ्या माणसांना पाणी द्यायचं तर पोरांनी दिवसाला २७ तास खेळावं लागेल. काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून हे बसवलेले. बिघडला तर गावात कुणाला उघडता येत नाही. माझ्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, बनवणाऱ्यानं घागर उचललेली दिसत नाही.

उलट जे जमलं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय.

साउंडबॉक्स. आमच्या बाजारातल्या भजीवाल्याकडं पण आहे. २०१६ ला यूपीआय आलं, क्यूआर चिकटवले गेले, पण भजीवाल्याचे हात पिठात, फोन घरी पोराकडं, गल्ल्यावर बायको, आणि गिऱ्हाईक स्क्रीन दाखवतंय ती खरी का खोटी कोण बघणार. मग तो छोटा डबा आला, आत स्वतःचं सिम, पैसे आले की मोठ्यानं बोलतो. मराठीत पण बोलतो. बघा त्यात काय काय झालं: फोन लागत नाही, वाचता यावं लागत नाही, हात रिकामे असावे लागत नाहीत, आणि गल्ल्यावर नवरा आहे का बायको का पुतण्या याच्याशी डब्याला काही देणंघेणं नाही. जो तिथं उभा आहे त्याला ऐकू येतं. हे गावचं यंत्र आहे. ज्यानं कुणी हे सुचवलं तो भजीच्या गाड्यासमोर बराच वेळ उभा राहिलेला असणार, माझी खात्री आहे.

दुसरं केनियातलं एम-पेसा, २००७ चं. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसाच, शब्द सुद्धा घरचा वाटतो. तिथली माणसं आधीपासूनच रिचार्जचा बॅलन्स एकमेकांना पाठवून तो पैशासारखा वापरायची, कंपनीनं ते बघितलं आणि साध्या बटणाच्या फोनवर, सिममधल्याच मेनूवर चालेल असं केलं. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे, त्यांनी दुकानदार लपवला नाही. रोख रक्कम द्यायला-घ्यायला कोपऱ्यावरचा एजंट, तो सिस्टिमचाच भाग, त्याचं कमिशन ठरलेलं, त्याच्या वहीत नोंद. मधला माणूस आहे हे गृहीत धरून बनवलं.

आणि इथं माझं खरं दुखणं आहे. तुमच्या लेखी मधला माणूस म्हणजे एकतर दलाल नाहीतर फ्रॉड. बऱ्याच ॲपांत 'मी दुसऱ्याच्या वतीनं भरतोय' असं बटण नसतं. त्यामुळं मी काय करतो तर खोटं बोलतो. मावशींच्या नावानं लॉगिन करतो, मीच मावशी होतो. त्यांचा पिन मला माहीत, कागदावर लिहून माझ्याच ड्रॉवरमधे, कारण त्या म्हणतात तुझ्याकडंच राहूदे, माझ्याकडून हरवतो. गावातल्या किती लोकांचे पासवर्ड माझ्याकडं आहेत ते मोजायला बसलो तर मलाच भीती वाटेल. मी चांगला आहे म्हणून ठीक, पण सगळे नसतात, अंगठा लावून घेऊन म्हाताऱ्यांचे पैसे काढलेल्या केसा ऐकतोच की आपण. मधल्या माणसाला डोळे झाकून नाकारलं म्हणून तो गेला नाही, तो फक्त अंधारात गेला.

म्हणून मागणी करतो ती ही. मला उजेडात आणा. माझं वेगळं लॉगिन द्या, मी कुणाचा फॉर्म भरला ते माझ्या नावावर पडूद्या. आणि ज्याचा फॉर्म त्याच्या फोनवर, साधा बटणाचा असला तरी, एक कॉल जाऊद्या, मराठीत, की तुमच्या नावानं आज अमुक दुकानातून अमुक फॉर्म भरला, इतके रुपये घ्यायचे ठरलेत, तुम्ही सांगितलं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. बटणाच्या फोनवरून यूपीआय चालतं, १२३पे २०२२ पासून आहे, मग एवढं का होत नाही? आणि कॉल लागला नाही तर मिसकॉलवर परत करूद्या. मिसकॉल ही या देशातल्या गरिबांनी फुकटात बनवलेली सगळ्यात भारी सिस्टिम आहे, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तिला डिझायनर नव्हता.

अजून एक, दुरुस्तीचं. मार्क टू चांगला होता पण वॉशर गेला तरी सगळे पाइप वर काढावे लागायचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या पथकाची गाडी येईस्तोवर गाव तहानलेलं. मग मार्क थ्री केला, त्यात खालचा पाइप रुंद केला, ३२ मिलिमीटरच्या जागी ६५, म्हणजे दट्ट्या पाइपातूनच वर ओढून वॉशर बदलता येतो, पाइप तसेच. गावातल्या गावात दुरुस्ती. उत्तर प्रदेशात बांद्याकडं तर बायकाच मेकॅनिक झाल्या. तुमच्या ॲपात हा रुंद पाइप कुठाय? नावात एक अक्षर चुकलं तर अख्खा फॉर्म रद्द, पहिल्यापासून परत. नंबर बदलायचा तर जिल्ह्याच्या ठिकाणी. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं लिहून येतं, काय चुकलं ते नाही, फोटो मोठा झाला, का नेट गेलं, का तुमचाच सर्व्हर बसला. मला नुसतं खरं कारण सांगा, निम्मं मी इथंच मिटवतो, पंधरा वर्षं तेच करतोय.

तर या एकदा. आमचा बाजार सोमवारी असतो, त्या दिवशी या, पंचायतीत बसू नका, माझ्या बाकड्यावर बसा, सकाळी नऊ ते संध्याकाळी, कुणाला काही विचारू नका, नुसतं बघा. शाळेजवळचा हापसा अजून चालू आहे, तोही मारून बघा, वडील घरीच असतात, ते पण येतील. आणि ऑफिसचे नवे फोन आणू नका. माझ्याकडं खोक्यात पाच-सहा पडलेत, कोपरा मेलेले, स्टोरेज गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेलं, बॅटरी दुपारपर्यंत टिकणारी. त्यातला एक देतो. तुमचं ॲप त्यात टाकायला आधी काय काय डिलीट करायचं, ते ज्याचा फोन आहे त्याला विचारून ठरवू.

तुमचा,
बाजारगल्लीतला मोबाइल रिपेरिंगवाला